आर (R) या संगणकभाषेत भाव आणि पाऊस असे अनेक रकाने एकाच आलेखावर कसे मांडावेत?

अरुणावती

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि तिच्या कार्यालयातले नोंदींचे काम मी पाहते. बाजार समितीचे रोजचे भाव आम्ही एका तक्त्यात उतरवून ठेवतो. पहिल्या रकान्यात तारीख असते. पुढच्या तीन रकान्यांत कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा सर्वसाधारण दर रुपये प्रति क्विंटल असा असतो, तर शेवटच्या रकान्यात आमच्या महसूल मंडळातला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. येत्या वार्षिक सभेत हे सगळे सभासदांना एका मोठ्या कागदावर, एकाच आलेखात दाखवावे अशी संचालक मंडळाची इच्छा आहे.

आर मध्ये 'प्लॉट' या आज्ञेने कापसाची रेषा काढून तिच्यावर 'लाइन्स' ने बाकीचे रकाने चढवले, तर तुरीची रेषा वरच्या कडेला कापली जाते आणि सोयाबीन व पाऊस दिसतच नाहीत. चारही रकाने एकत्र दिसावेत यासाठी योग्य पद्धत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

वर्धाकाठ

ताई, आपल्या माहितीत दोष नाही. 'प्लॉट' ही आज्ञा उभ्या अक्षाची हद्द फक्त तिला दिलेल्या रकान्यावरून ठरवते, आणि नंतर येणारी 'लाइन्स' ती हद्द वाढवत नाही. म्हणून कापसाच्या हद्दीबाहेरचे आकडे कागदाबाहेर पडतात. पहिल्याच आज्ञेत 'वायलिम' ला, म्हणजे उभ्या अक्षाच्या हद्दीला, तिन्ही पिकांचा मिळून 'रेंज' द्यावा आणि त्यात 'एनए.आरएम' खरे ठेवावे, नाहीतर एक रिकामी चौकट सगळी हद्द बिघडवते. (कोडमधली नावे मी देवनागरीत लिहीत आहे, संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावीत.)

याहून सोपी आज्ञा 'मॅटप्लॉट' ही आहे. तिला एका बाजूला तारखा आणि दुसऱ्या बाजूला तिन्ही रकाने एकत्र दिले की ती प्रत्येक रकान्याची स्वतंत्र रेषा काढते आणि हद्दही स्वतः ठरवते. 'टाइप' मध्ये एल हे अक्षर द्यावे, अन्यथा रेषांऐवजी १, २, ३ असे आकडे बिंदूंच्या जागी उमटतात. रेषांची सूची मात्र 'लेजंड' या आज्ञेने वेगळी जोडावी लागते, आणि तिथले रंग मॅटप्लॉटला दिलेल्या क्रमानेच द्यावे लागतात. हा क्रम हाताने राखावा लागतो, म्हणून मी दोन्हीकडे रंगांची एकच यादी वापरतो.

पूर्णाथडी

वर्धाकाठ यांचे उत्तर बरोबर आहे आणि दहा मिनिटांत काम उरकायचे असेल तर तेवढे पुरेसे आहे. पण ज्यांना हा आलेख दर आठवड्याला पुन्हा काढायचा आहे त्यांनी जीजीप्लॉट२ हे आर मधले आलेखांचे पॅकेज (तयार आज्ञांचा संच) शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यासाठी आधी तक्त्याचा आकार बदलावा लागतो. आपला तक्ता आडवा आहे, म्हणजे प्रत्येक पिकाला स्वतंत्र रकाना आहे. जीजीप्लॉट२ ला तो उभा हवा असतो. त्यात तारीख, पीक आणि भाव असे तीनच रकाने असतात आणि एका तारखेच्या तीन ओळी होतात. हे रूपांतर टायडीआर या पॅकेजमधली 'पिव्हट_लाँगर' ही आज्ञा एका ओळीत करते. तिला कोणते रकाने गोळा करायचे ते सांगावे, 'नेम्स_टू' मध्ये पीक आणि 'व्हॅल्यूज_टू' मध्ये भाव लिहावे. ही आज्ञा २०१९ पासून आहे. त्याआधीच्या लेखांत 'गॅदर' किंवा 'मेल्ट' दिसते, त्यांचे कामही हेच आहे. त्यानंतर आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर भाव आणि रंगाला पीक असे सांगून 'जिओम_लाइन' लिहिले की तिन्ही रेषा आणि त्यांची सूची एकदमच तयार होते. उद्या हरभऱ्याचा रकाना वाढला तरी आलेखाच्या ओळीत काहीही बदलावे लागत नाही.

यामागे एक नीट विचार आहे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखाचे व्याकरण मांडले. माहितीतला कोणता गुण डोळ्याला दिसणाऱ्या कोणत्या गुणाशी जोडायचा, एवढे सांगितले की आलेख ठरतो, असा त्याचा गाभा आहे. हॅडली विकहॅम यांनी तोच विचार आर मध्ये आणला. पीक हा माहितीतला एक गुण आहे. आडव्या तक्त्यात तो रकान्यांच्या नावांत दडलेला असतो, म्हणून त्याला रंग जोडता येत नाही. उभ्या तक्त्यात तो स्वतःच एक रकाना होतो. एवढे ध्यानात आले की 'अनेक रकाने एका आलेखात' हा प्रश्न पुन्हा कधी अडवत नाही.

कोरडवाहू

पूर्णाथडी यांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. रेषा येत नाहीत आणि प्रत्येक गटात एकच नोंद असल्याचा संदेश येतो. माझ्या तारखा १५/१०/२०२४ अशा स्वरूपात आहेत.

पूर्णाथडी

कोरडवाहूभाऊ, आपल्या तारखा आर ने मजकूर म्हणून वाचल्या आहेत. मजकुराची प्रत्येक किंमत हा वेगळा गट धरला जातो आणि एका बिंदूची रेषा होत नाही. त्या तारखांचा क्रमही आधी दिवसाच्या आकड्याने लागतो, म्हणजे एक जानेवारीनंतर एक फेब्रुवारी येते. 'अ‍ॅज.डेट' ला दिवस, महिना, वर्ष हा क्रम कळवावा किंवा लुब्रिडेट पॅकेजमधले 'डीएमवाय' वापरावे.

भावाचा रकानाही तपासून घ्यावा. त्यात ६,६२० असा स्वल्पविराम किंवा सुटीच्या दिवशी लिहिलेली आडवी रेघ असेल, तर तो संपूर्ण रकाना मजकूर ठरतो आणि पिव्हट_लाँगर तो संख्यांच्या रकान्यांत मिसळायला नकार देते. रीडआर मधले 'पार्स_नंबर' स्वल्पविराम काढून टाकते.

काळीमाती

सगळ्यांनी तीन पिकांबद्दल सांगितले, पण अरुणावतीताईंचा चौथा रकाना पावसाचा आहे. भाव हजारांत आणि पाऊस दहा-वीस मिलिमीटर, त्यामुळे एका अक्षावर पाऊस तळाला चिकटून राहणार. त्यासाठी उजवीकडे दुसरा अक्ष घ्यावा. साध्या आर मध्ये 'पार' ला 'न्यू' खरे असे सांगून दुसरा आलेख पहिल्यावरच काढता येतो आणि 'अ‍ॅक्सिस' ला चार हा आकडा दिला की उजवीकडची मापपट्टी उमटते.

पूर्णाथडी

काळीमाती यांच्याशी मी येथे स्पष्टपणे असहमत आहे. दोन स्वतंत्र मापपट्ट्या घेतल्या की त्यांतली कोणतीही एक ताणून किंवा दाबून दोन रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदताना दाखवता येतात. पाऊस वाढला आणि भाव पडला असे चित्र हवे असेल तर ते मिळते. दोहोंचा संबंध नाही असे दाखवायचे असेल तर त्याच आकड्यांतून तेही मिळते. वाचणारा मात्र रेषा जिथे छेदतात त्या जागेला अर्थ देतो. जीजीप्लॉट२ मध्ये 'सेक_अ‍ॅक्सिस' आहे, पण तो दुसऱ्या अक्षाला पहिल्याचेच गणिती रूपांतर मानतो. क्विंटलचा भाव आणि किलोचा भाव यांसाठी तो योग्य आहे. रुपये आणि मिलिमीटर यांना जोडणारे असे कोणतेही सूत्र नाही.

पर्जन्यमापक

दोन अक्ष सरसकट त्याज्य ठरवणे मला मान्य नाही. हवामानशास्त्रात पाऊस आणि तापमान एकाच चौकटीत मांडण्याची जुनी आणि उपयुक्त परंपरा आहे. वॉल्टर आणि लीथ यांच्या पद्धतीच्या हवामान आलेखात १० अंश सेल्सिअस म्हणजे २० मिलिमीटर असे प्रमाण बांधलेले असते, आणि पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली की तो काळ कोरडा समजला जातो. तिथे रेषांच्या छेदनाला अर्थ आहे, कारण प्रमाण काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. नदीच्या प्रवाहाच्या आलेखातही पाऊस वरून खाली लोंबणाऱ्या स्तंभांनी आणि प्रवाह खालून रेषेने दाखवतात, आणि अभियंते ते सहज वाचतात. दोन अक्ष वापरायचेच असतील तर एका गोष्टीला स्तंभ आणि दुसरीला रेषा द्यावी, म्हणजे छेदनाचा भास तरी होत नाही.

काळीमाती

पर्जन्यमापक यांनी सांगितलेली स्तंभ आणि रेषेची वाटणी मला पटते. नुसत्या दोन रेषांपेक्षा ते निश्चित बरे आहे.

उलंगवाडी

आलेख कसा काढावा यावर चांगली चर्चा झाली आहे. या रकान्यांतून नेमके काय पाहायचे आहे, हा प्रश्न मात्र अजून कोणी विचारलेला नाही आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास बाजारात येते, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोर धरते, आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. म्हणजे ज्या दिवसांत पावसाच्या रकान्यात आकडे आहेत त्या दिवसांत कापसाचा रकाना बहुतेक रिकामा असतो, आणि जेव्हा भाव भरगच्च असतात तेव्हा पाऊस शून्य असतो. दोन्ही रोजच्या रोज एका अक्षावर मांडले तर डावीकडे पाऊस आणि उजवीकडे भाव असे दोन तुकडे दिसतील. त्यातून सभासदांना काहीच कळणार नाही.

शिवाय एका महसूल मंडळातल्या पावसाने त्या बाजारातला भाव ठरत नाही. सोयाबीनच्या भावामागे खाद्यतेलाचे आयात शुल्क, ढेपेची मागणी आणि परदेशातले पीक असते. कापसामागे गाठी, सूत आणि जगाचा बाजार असतो. आपल्या मंडळातल्या पावसाचा संबंध आपल्या एकरी उत्पादनाशी आणि बाजारातल्या आवकेच्या वेळेशी आहे. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस लागला, तर ओला माल येतो, आवक लांबते आणि त्या मालाला मिळणारा दर उतरतो. हे दाखवायचे असेल तर पावसाच्या जोडीला आवकेचा रकाना घ्यावा, आणि सर्वसाधारण दराबरोबर कमीत कमी दरही घ्यावा, कारण ओल्या मालाची कथा त्या खालच्या दरात दिसते. बाजार समितीच्या नोंदीत कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तिन्ही दर असतातच.

कापसाचा भाव आणि पाऊस हे दोन रकाने केवळ तक्त्यात शेजारी आहेत म्हणून आलेखात शेजारी यावेत, असे नाही.

पर्जन्यमापक

उलंगवाडी यांच्याशी पूर्ण सहमत. पाऊस रोजचा न घेता जूनपासूनची बेरीज करत न्यावी, 'कमसम' ही आज्ञा ते करते. चढत्या रेषेत खंड कुठे पडला ते आडव्या पायरीवरून लगेच कळते, आणि मागच्या वर्षांच्या रेषा त्याच आलेखात ठेवल्या तर तुलना खरोखर उपयोगी होते. त्या सगळ्या रेषांचे एककही एकच असते.

आकडेमोड

पिकांच्या भावांचे एकक एकच असले तरी तिथेही एक फसगत होऊ शकते. सर्वांना पडताळता यावे म्हणून मी केंद्र सरकारने जाहीर केलेले हमीभाव घेतो. सर्व आकडे रुपये प्रति क्विंटल असून कापूस मध्यम धाग्याचा आहे.

२०२०-२१: कापूस ५,५१५, सोयाबीन ३,८८०, तूर ६,०००
२०२१-२२: कापूस ५,७२६, सोयाबीन ३,९५०, तूर ६,३००
२०२२-२३: कापूस ६,०८०, सोयाबीन ४,३००, तूर ६,६००
२०२३-२४: कापूस ६,६२०, सोयाबीन ४,६००, तूर ७,०००
२०२४-२५: कापूस ७,१२१, सोयाबीन ४,८९२, तूर ७,५५०
२०२५-२६: कापूस ७,७१०, सोयाबीन ५,३२८, तूर ८,०००

हे तीन रकाने रुपयांतच मांडले तर तूर सर्वांत वर आणि सोयाबीन सर्वांत खाली, तेही बरेच सपाट दिसते. पाहणारा म्हणेल की सोयाबीनचा हमीभाव सर्वांत कमी वाढला. रुपयांत ते खरेही आहे. सोयाबीन १,४४८ रुपयांनी, तूर २,००० रुपयांनी आणि कापूस २,१९५ रुपयांनी वाढला. आता प्रत्येक रकान्याला त्याच्याच पहिल्या वर्षाच्या आकड्याने भागून १०० ने गुणावे. शेवटच्या वर्षी कापूस १३९.८, सोयाबीन १३७.३ आणि तूर १३३.३ येते. वर दिसणारी तूर टक्केवारीत सर्वांत मागे आहे आणि सपाट दिसणारे सोयाबीन कापसाच्या जवळ आहे.

दोन्ही आलेख खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. हातात किती रुपये आले हे विचारायचे असेल तर पहिला घ्यावा, आणि कोणत्या पिकाला तुलनेने किती वाढ मिळाली हे विचारायचे असेल तर दुसरा. उभ्या तक्त्यावर 'ग्रुप_बाय' ने पीकवार गट करून 'म्युटेट' मध्ये भावाला 'फर्स्ट' ने भागले की दुसरा तयार होतो. ओळी आधी तारखेनुसार लावून घ्याव्यात, कारण 'फर्स्ट' म्हणजे गटातली पहिली ओळ, सर्वांत जुनी तारीख नव्हे. ज्यांना मूळ रुपये अक्षावर ठेवायचे आहेत त्यांनी 'स्केल_वाय_लॉग१०' वापरावे, त्यात सारख्या टक्केवाढीला सारखाच चढ मिळतो. मात्र सभेत लॉग अक्ष समजावून सांगण्यात वेळ जातो, म्हणून तिथे मी शंभर आधाराचा आलेखच सुचवीन.

बोरव्यापारी

एक्सेलमध्ये हे सगळे चार टिचक्यांत होते. त्यासाठी आर शिकण्याचे कारण काय?

कोरडवाहू

एकदाच काढायचा असेल तर एक्सेल पुरते. मला तालुक्यातल्या प्रत्येक मंडळाचा पाऊस वेगळा काढून दर सोमवारी गटावर पाठवायचा असतो, आणि आर मध्ये नवी फाइल ठेवून तोच कोड पुन्हा चालवला की सगळे आलेख निघतात. कोणती ओळ गाळली आणि कोणता आकडा बदलला, हेही कोडमध्ये लिहिलेले राहते. हिशेब तपासणाऱ्याला ते दाखवता येते.

वर्धाकाठ

सुटीच्या दिवसांबद्दल पूर्णाथडी यांनी ओझरते लिहिले, ते जरा विस्ताराने सांगावेसे वाटते. दिवाळीत बाजार बंद असतो तेव्हा काही तक्त्यांत भावाच्या जागी शून्य भरलेले असते. आलेखात ती रेषा तळाला जाऊन परत वर येते आणि सभेत कोणीतरी विचारतेच की त्या दिवशी सोयाबीन फुकट गेले काय. भावाच्या रकान्यातले शून्य आधी 'एनए' (म्हणजे नोंद नाही) करावे. पावसाच्या रकान्यातले शून्य मात्र खरे शून्य असते, त्याला हात लावू नये. पावसाची नोंदच झाली नसेल तेवढीच चौकट 'एनए' ठेवावी.

पुढे एक निर्णय आपला आपण घ्यावा लागतो. 'एनए' असलेल्या ओळी तक्त्यात ठेवल्या तर जिओम_लाइन त्या जागी रेषा तोडते. त्या ओळी काढून टाकल्या तर रेषा दोन्ही बाजूंचे बिंदू थेट जोडते. दोन दिवसांच्या सुटीसाठी जोडणे ठीक आहे. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यापासून पुढच्या हंगामापर्यंतची त्याची रेषा जोडली, तर मधल्या महिन्यांत भाव संथपणे चढत होता असे खोटे चित्र उभे राहते. तिथे रेषा तुटलेलीच असावी.

पूर्णाथडी

पिव्हट_लाँगर मध्ये 'व्हॅल्यूज_ड्रॉप_एनए' खरे केले की त्या ओळी न विचारता गळतात, म्हणून वर्धाकाठ यांनी सांगितलेला निर्णय घेण्याआधी ते वापरू नये.

मोर्शीकर

आमच्या तक्त्यात आकडे देवनागरीत आहेत आणि रकान्यांची नावेही मराठीत आहेत. ते चालेल काय? पीडीएफमध्ये अक्षरे चौकोनी येतात.

आकडेमोड

रकान्यांची नावे मराठीत चालतात. विंडोजवर आर ची आवृत्ती ४.२ किंवा त्यानंतरची घ्यावी, कारण तिथपासून विंडोज १० आणि पुढे युनिकोड सरळ वापरले जाते. देवनागरी अंकांना मात्र आर संख्या मानत नाही, 'अ‍ॅज.न्यूमेरिक' दिले तर सगळे 'एनए' होतात. 'सीएचएआरटीआर' या आज्ञेला एका बाजूला शून्य ते नऊ देवनागरी अंक आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने इंग्रजी अंक दिले की रूपांतर होते, मग संख्या करावी.

चौकोनी अक्षरांचे कारण असे की आर चे नेहमीचे पीडीएफ साधन देवनागरी अक्षरे जोडत नाही. रॅग या पॅकेजचे 'एजीजी_पीएनजी' वापरून चित्र साठवावे आणि संगणकावर असलेला मराठी फाँट नावाने द्यावा. जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट येतात.

अरुणावती

सर्वांचे मनापासून आभार. उलंगवाडी यांचा प्रतिसाद मी संचालकांना वाचून दाखवला. दोन कागद करावेत असे ठरले आहे. पहिल्यावर तीन पिकांचे भाव शंभर आधाराने, एकाच चौकटीत. दुसऱ्यावर वर सोयाबीनचा कमीत कमी आणि सर्वसाधारण दर, खाली त्याच तारखांना पाऊस, सप्टेंबर ते नोव्हेंबर. दुसऱ्या आलेखात वरच्या आणि खालच्या तारखा अगदी एकाखाली एक याव्यात यासाठी काय करावे? आणि झेरॉक्स काळ्या-पांढऱ्यात निघते, तिथे रंग ओळखता येणार नाहीत.

पूर्णाथडी

ताई, दोन आलेख वेगळे काढून पॅचवर्क या पॅकेजने एकावर एक ठेवावेत, त्यासाठी दोहोंच्या मध्ये तिरपी रेघ लिहितात. 'प्लॉट_लेआउट' मध्ये उंची दोन आणि एक अशी दिली की दराला जास्त जागा मिळते. डाव्या अक्षांची रुंदी ते स्वतः जुळवते. तारखांची हद्द मात्र दोन्हीकडे सारखी द्यावी, आणि ती 'कोऑर्ड_कार्टेशियन' मधून द्यावी. 'स्केल' च्या हद्दीतून दिली तर हद्दीबाहेरचे आकडे काढून टाकले जातात आणि कडेला आलेला पावसाचा स्तंभ नाहीसा होऊ शकतो. पावसाला 'जिओम_कोल' घ्यावे.

पर्जन्यमापक

काळ्या-पांढऱ्यासाठी रंगाबरोबर 'लाइनटाइप' लाही पीकच जोडावे, म्हणजे एक रेषा अखंड, एक तुटक आणि एक ठिपक्यांची येते. मूळ रंगीत कागदासाठी ओकाबे आणि इटो यांची रंगमालिका घ्यावी, ती रंगांधळ्या माणसांना वेगळी ओळखता यावी म्हणूनच तयार केलेली आहे. आर च्या ४.० या आवृत्तीपासून ती 'पॅलेट.कलर्स' मध्ये आयती मिळते. सूची काढूनच टाकावी आणि प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाशी पिकाचे नाव लिहावे. त्यासाठी शेवटच्या तारखेच्या ओळी वेगळ्या करून 'जिओम_टेक्स्ट' ला द्याव्यात. मागच्या ओळीत बसलेला माणूस सूचीकडे आणि रेषेकडे आळीपाळीने पाहत बसत नाही.

आकडेमोड

कागद ए३ आडवा असेल तर 'जीजीसेव्ह' मध्ये रुंदी ४२ आणि उंची २९.७ सेंटिमीटर, एकक सेंटिमीटर आणि घनता (डीपीआय) ३०० द्यावी. अक्षरे मोठी करण्यासाठी चित्र नंतर ताणू नये, 'थीम_ग्रे' सारख्या तयार थीममधला 'बेस_साइज' २४ च्या आसपास ठेवावा. टोकाशी लिहिलेले नाव कापले जाऊ नये म्हणून आडव्या अक्षाच्या उजवीकडे 'एक्सपान्शन' ने थोडी जागा सोडावी. जीजीप्लॉट२ च्या ४.० आधीच्या आवृत्त्यांत जिओम_टेक्स्टची अक्षरे बेस_साइजने वाढत नाहीत, तिथे त्यांचा आकार मिलिमीटरमध्ये वेगळा द्यावा लागतो, ८ पासून सुरुवात करून पाहावी.